खिडकीतून टाकलेला टॉवेल

यंदाच्या मराठी भाषा गौरव दिनाला आमच्या पेठेतल्या एका शाळेत मी मागच्या बाकावर बसून भाषणं ऐकत होतो. पहिल्या वक्त्यांनी वर्तमानपत्रांची कात्रणं आणली होती, इंग्रजी वाक्प्रचार जसेच्या तसे मराठीत उतरवलेली. 'खोलीतला हत्ती', 'सगळे नेते एकाच पानावर', 'दिवसाच्या शेवटी जनताच ठरवेल'. एकेक कात्रण उंच धरायचे आणि विचारायचे, ही मराठी आहे काय? टाळ्या पडत होत्या. त्यांचा निष्कर्ष असा की इंग्रजी वाक्प्रचार ही मराठीला लागलेली कीड आहे, मुलांना ते शिकवणंच बंद करा. मग एक पालक उठले. त्यांची मुलगी इंजिनिअर झालीय, पुण्यात मुलाखती देतेय. समोरचा काय म्हणतोय तेच कळलं नाही म्हणून दोनदा हात हलवत परत आली. 'आणि तुम्ही इथं हत्ती मोजत बसलाय,' असं म्हणून त्यांनी मागणी केली की शाळेनं पाचशे वाक्प्रचारांचं पुस्तक लावावं आणि अर्थासकट पाठ करून घ्यावं. पुढे तासभर गुऱ्हाळ चाललं. गुऱ्हाळाला आपण उगीच बदनाम केलंय खरं तर. तिथं दोन-तीन तास रस आटवला की शेवटी गुळाचा रवा तरी हाताला लागतो.

माझं मत या दोघांनाही रुचणार नाही. मराठी शाळेतल्या पोरांना इंग्रजी वाक्प्रचार शिकवायलाच हवेत, आज शिकवतो त्याहून जास्त शिकवायला हवेत. पण यादी घोकून नव्हे. ते मराठीतून शिकवावेत आणि ज्या धंद्यात, ज्या जागी ते बोलले जातात ती जागा डोळ्यांपुढे उभी करून शिकवावेत. मराठी बिघडवतो तो चांगलं इंग्रजी येणारा माणूस नव्हे, अर्धवट येणारा. 'खोलीतला हत्ती' छापणाऱ्या उपसंपादकाला इंग्रजी जास्त झालेलं नाही, ते कमी पडलंय. सगळ्यांना दिसतंय, पण कुणी तोंड उघडत नाही, एवढा त्याचा भाव पुरता उतरला असता, तर 'अवघड जागेचं दुखणं' आपसूक लेखणीवर आलं असतं. भाव पोचला नाही म्हणून जनावर तेवढं उचलून आणलं.

माझा भाचा तालमीत असतो. काही वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या खासबाग मैदानात त्याची कुस्ती होती. लांग चढवून, अंगाला माती लावून तो आखाड्यात उतरणार, तेवढ्यात त्याचा कॉलेजातला मित्र कडेला येऊन म्हणाला, 'ब्रेक अ लेग, भावा!' एवढं इंग्रजी भाच्याला येतं. त्यातून गुडघ्याला आधीच पट्टा. 'माझा पाय मोडू दे म्हणतोयस व्हय रं?' म्हणून तो असा वळला की कुस्तीआधीच कुस्ती लागायची वेळ. मित्र बिचारा हात जोडून, 'शुभेच्छा दिल्या रं, क्लासच्या पुस्तकात हाय!' मी नंतर ते पुस्तक मागवून बघितलं. खरंच होतं: ब्रेक अ लेग, म्हणजे शुभेच्छा देणे. अर्थ चुकीचा नव्हता. पण हा नाटकवाल्यांचा शब्द आहे आणि नट रंगमंचावर जायला निघाला की त्याला तो म्हणायचा असतो, एवढी एक ओळ त्या पुस्तकात नव्हती. आता गंमत बघा. खासबागेला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह. शाहू महाराजांच्या काळात मैदान १९१२ला झालं, थिएटर १९१५ला. ऑगस्ट २०२४मध्ये नाट्यगृहाला आग लागली तेव्हा तिची झळ मैदानालाही बसली, इतकी ती दोन्ही एकमेकांना चिकटून. पोराची चूक फक्त एका भिंतीची होती. पलीकडे म्हणायचं ते त्यानं अलीकडे म्हटलं.

हे वर्गात कसं सांगायचं? फार लांब जावं लागत नाही. महाद्वार रोडवरचा दुकानदार रात्री दुकान बंद करत नाही, वाढवतो. नारळ आपण फोडत नाही, वाढवतो. बाईची बांगडी फुटत नाही, वाढते. घरातून निघताना 'जातो' म्हटलं की आजी दारातूनच दटावते, 'येतो म्हण.' शब्दात काहीतरी असतं, नको ते बोललं की नको ते होतं, ही धास्ती आपल्या रक्तात आहे. त्यांच्याकडच्या नटांनाही तीच धास्ती, फक्त ते उलट्या बाजूनं जातात. चांगलं बोललं तर दृष्ट लागेल, म्हणून मुद्दाम वाईट बोलायचं. आपण देखण्या पोराच्या गालावर काजळाचं बोट लावतो, तसं. ब्रेक अ लेग म्हणजे बोलण्यातली तीट. असं सांगितल्यावर तो शब्द कुणाला, कुठं म्हणावा आणि मुख्य म्हणजे कुठं म्हणू नये, हे पोरांना वेगळं शिकवावं लागत नाही. आणि 'पाय मोड' असं त्याचं मराठी करायची बुद्धी तर कुणाला होतच नाही.

यावर पहिला आक्षेप नेहमी येतो, आणि तो वजनदार आहे. इंग्रज माणसाला तरी हे सगळं कुठं माहीत असतं? तो 'बाय अँड लार्ज', म्हणजे एकंदरीत, असं म्हणतो तेव्हा शिडाचं जहाज त्याच्या स्वप्नातही नसतं. मग आमच्या पोरांनी हा इतिहास कशाला ओढायचा? खरं आहे. पण त्यानं तो शब्द लहानपणापासून हजार वेळा, योग्य तोंडून, योग्य वेळी ऐकलेला असतो. 'निवडणुकीसाठी शड्डू ठोकला' हे वाचताना कोल्हापुरातल्या पोराला शब्दकोश लागत नाही, कारण मांडीवर पडलेल्या थापेचा तो आवाज त्यानं तालमीच्या दारातून ऐकलाय. 'नुरा कुस्ती', म्हणजे आधीच ठरवून लढलेली, म्हटलं की इथला पानवालाही हसतो. हे ज्याच्या कानावर पडलेलं नाही, त्याला कुणीतरी ते दाखवावंच लागतं. कानाची उणीव गोष्टीनं भरून काढायची, एवढाच इतिहासाचा उपयोग.

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो, कारण त्यात मी स्वतः सापडलोय. या वाक्प्रचारांच्या उगमाच्या कथा बहुतेक भाकड असतात. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज', म्हणजे मुसळधार पाऊस, हेच घ्या. जुन्या इंग्लंडात गवती छपरांवर कुत्री-मांजरं झोपायची, पावसात घसरून खाली पडायची, म्हणून तसं म्हणतात, ही कथा मी बरीच वर्षं रंगवून सांगितली. पोरंही खूश व्हायची. नंतर कळलं, ती १९९९च्या सुमारास ई-मेलमधून फिरलेल्या थापांपैकी एक. जोनाथन स्विफ्टच्या १७३८च्या पुस्तकात तो वाक्प्रचार आहे, पण कुत्री-मांजरं नेमकी कुठून आली याचा पक्का पुरावा कुणाकडेच नाही. मग आता मी काय सांगतो? की उगम ठाऊक नाही. आणि त्यानं बिघडत काहीच नाही. आपल्याला जन्मदाखला नको असतो, पत्ता हवा असतो. कोण बोलतो, कुणाशी, कुठल्या तोंडानं?

'किक द बकेट'चंच बघा. बादलीला लाथ कुणी मारली यावर विद्वानांत वाद आहेत. पण फ्रान्सिस ग्रोस यानं १७८५ला रस्त्यावरच्या गावठी इंग्रजीचा कोश छापला, त्यात हा वाक्प्रचार आहे. म्हणजे जवळजवळ अडीचशे वर्षांपूर्वीच त्याची जागा ठरलेली होती. यादीत मात्र समोर लिहिलेलं असतं, 'मरण पावणे'. एका विद्यार्थ्यानं मला रजेचा अर्ज आणून दिला होता, सुंदर अक्षरात: माय ग्रँडफादर हॅज किक्ड द बकेट. दोन दिवस सुट्टी हवी. डोळे रडून सुजलेले. मला हसताही येईना. त्याला शेजारी बसवून विचारलं, मराठीत आपण काय काय म्हणतो रे? देवाज्ञा झाली, वारले, गेले, खपले, गचकले. मग अर्जात 'आमचे आजोबा गचकले' असं लिहिशील का? तो बघतच राहिला. मराठीतली ही पायऱ्यांची उतरंड त्याला बिनचूक येत होती. इंग्रजीत त्याच्या हातात एकच पायरी दिली होती, तीही तळातली.

आता त्या पालकांकडे वळतो. त्यांच्या मुलीवर आलेली वेळ खोटी नाही, आणि भाषेच्या शुद्धतेवर प्रवचन देऊन ती सुटणारही नाही. पण पाचशे वाक्प्रचार पाठ असते तरी ती अडलीच असती. मुलाखतीत तिला ते बोलून दाखवायचे नव्हते, ऐकून कळायला हवे होते. समोरचा म्हणाला असेल 'बॉलपार्क फिगर सांगा', म्हणजे अंदाजे आकडा, नाहीतर 'आपण पुढच्या आठवड्यात टच बेस करू', म्हणजे थोडं बोलून घेऊ, नाहीतर 'रोप्स शिकायला किती दिवस लागतील?', म्हणजे कामाची रीत. कचेरीत कानावर पडणारे असे शब्द मोजकेच असतात. आणि ते सुटे सुटे येत नाहीत, धंद्याधंद्यानं गठ्ठ्यात येतात. यादीचा खरा दोष इथं आहे. ती वर्णानुक्रमानं असते, त्यामुळे एका घरची माणसं चाळीस पानांवर विखुरली जातात. बेसबॉल घ्या. मैदानाला बॉलपार्क म्हणतात, धावणाऱ्याला प्रत्येक बेसला स्पर्श करावा लागतो, फलंदाज प्लेटपाशी उभा राहतो. फळ्यावर चौकोन काढून दहा मिनिटं हा खेळ सांगितला की सहा-सात वाक्प्रचार एका दोरीत ओवले जातात. क्रिकेटचे तर फुकटच मिळतात, 'स्टिकी विकेट', म्हणजे अडचणीची वेळ, आमच्या टेनिस बॉलवाल्या पोरांना समजावून सांगावी लागत नाही. जहाजाचा गठ्ठा मात्र उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला जड. 'थ्री शीट्स टु द विंड' म्हणजे दारूत तर्र, हे पाठ करणाऱ्या पोरीला मी विचारलं, शीट म्हणजे? म्हणाली, चादर. तीन चादरी वाऱ्यावर! शीट म्हणजे शिडाला ताणून धरणारा दोर. तो सुटला की शीड फडफडतं आणि जहाज झोकांड्या खात जातं, हे सांगितल्यावर तिनं बाकावर बसल्या बसल्या झोकांडी खाऊन दाखवली. वेळ नाही ही सबब तर मला पटतच नाही. २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. दहा वर्षं हातात असताना वर्षाकाठी दोन धंदे झाले तरी खूप झाले.

मराठीप्रेमी वक्त्यांच्या बोलण्यात मात्र एक गोष्ट अशी होती की ती मला नाकारता येत नाही. आपले वाक्प्रचार झपाट्यानं चाललेत. 'नमनाला घडाभर तेल' हे वर्गात म्हटलं की आता कोरे चेहरे दिसतात. 'सुंठीवाचून खोकला गेला' यात सुंठ आणि खोकल्याचा संबंध काय, हे एकानं मनापासून विचारलं. पण याचा दोष इंग्रजीवर कसा घालायचा? मशालीच्या उजेडातलं, तेल ओतत चाललेलं खेळ-तमाशाचं नमन या पोरांनी कधी बघितलंय? उखळ गेलं, मुसळ गेलं, जातं अडगळीत पडलं. मग 'उखळात डोकं घातलं तर मुसळाची काय भीती' ही म्हण राहणार कशी? तिला इंग्रजीनं मारलेलं नाही, मिक्सरनं मारलंय. इंग्रजीवर बंदी घातली म्हणून जातं परत येणार आहे का?

आणि शुद्धीचं म्हणाल तर त्याच वक्त्यांनी सुरुवातीला 'या विषयावर थोडा प्रकाश टाकतो' असं म्हटलं होतं, आणि शाळेची स्थापना हा पेठेच्या इतिहासातला 'मैलाचा दगड' होता. दोन्ही सरळ इंग्रजीतून आलेले. कुणाला खटकलं नाही, मलाही नाही. हे इथं नवीन नाही. राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तरी आजही आपण शत्रूला 'शह' देतो आणि त्याच्यावर 'मात' करतो. दोन्ही फारसी, बुद्धिबळाच्या पटावरून उतरलेले. तोच 'शाह' अरबी-फ्रेंच मुलूख फिरून इंग्रजीत गेला आणि त्याचा 'चेक' झाला. म्हणजे 'बिल चेक कर' म्हणणारा आणि 'विरोधकांना शह दिला' म्हणणारा एकाच राजाचं नाव घेतो. तो आमच्याकडे एकदा खुष्कीनं आला, एकदा समुद्रानं. 'लालफीत' इंग्रजी आहे म्हणून कुणाला नको असेल तर 'दप्तरदिरंगाई' हा झकास शब्द आहे, २००५च्या कायद्याला लोक त्याच नावानं ओळखतात. फक्त दप्तरही फारसी आणि दिरंगाईही फारसीच. अन् 'कोल्ह्याला द्राक्षं आंबट'? तो कोल्हा इसापाचा, ग्रीसहून आलेला. शाळेच्या पुस्तकांनी त्याला इतका घरचा केला की आता त्याला परत जा म्हणायची कुणाची छाती नाही.

याचा अर्थ काहीही आलं तर घ्यावं, असा नाही. माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, आमच्याच राजाराम कॉलेजात शिकवायचे. त्यांनी १९२५ला फार्शी-मराठी कोश केला, आणि पुढे हाच माणूस भाषाशुद्धीच्या बाजूनं ठामपणे उभा राहिला. त्यांची सगळी मतं मला पटतात असं नाही. पण फारसी शब्द काढा म्हणायचा अधिकार त्यांना होता, कारण प्रत्येक शब्दाचं कूळ आणि मूळ त्यांना ठाऊक होतं. आज इंग्रजी वाक्प्रचार हद्दपार करा म्हणणाऱ्यांना मी हेच विचारीन: कुठले, आणि त्यांचा अर्थ सांगा पाहू?

घ्यायचं काय नि सोडायचं काय याची माझी कसोटी साधी आहे, वस्तू इथं आलीय का? 'हिरवा कंदील' बघा. १८९१ला मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली, लोकांनी रात्रीच्या अंधारात गार्डाच्या हातातला हिरवा उजेड बघितला, गाडी हलताना बघितली. मग मंत्र्यांनी योजनेला हिरवा कंदील दाखवला तर त्यात परकं काय राहिलं? 'चेंडू सरकारच्या कोर्टात' मात्र अजून लंगडतो. टेनिसचं कोर्ट किती जणांनी बघितलंय? इथं कोर्ट म्हणजे न्यायालय. सर्किट बेंचसाठी, म्हणजे कोल्हापुरात हायकोर्टाचं पीठ बसावं म्हणून, वकिलांची आंदोलनं चालली होती त्या काळात 'खंडपीठाचा चेंडू सरकारच्या कोर्टात' असं काही वाचलं की चेंडू नक्की कुठं आहे, बेंच कुठं आणि कोर्ट कुठलं, याचा पत्ताच लागायचा नाही. कबूल करतो, माझ्या कसोटीलाही भोकं आहेत. हिमनग आपण कुणीच बघितला नाही, तरी 'हिमनगाचं टोक' मराठीत रुळलं. बहुधा शाळेतल्या विज्ञानानं त्याचा बुडालेला भाग आधीच दाखवून ठेवला होता.

अर्धवट कळण्याचं नुकसान एकट्या मराठीचं होतं असंही नाही. पुरीचा जगन्नाथाचा रथ इंग्रजांनी दुरून बघितला, आणि इंग्रजीत 'जगरनॉट' म्हणजे वाटेत येईल ते चिरडत जाणारी आंधळी शक्ती असा अर्थ बसला. विलायतेत अवजड लॉरीला तेच नाव. जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या दुसऱ्या दिवशी अंबाबाईचा रथ निघतो, तेव्हा त्या गर्दीत उभं राहून ज्यानं रथाच्या वाटेवरच्या रांगोळ्या पाहिल्यात, त्याला हा अर्थ सुचेल का? नुसता डोळ्यांना दिसलेला भाग उचलला, भाव तिथंच राहिला. खोलीतल्या हत्तीचंही हेच झालं, फक्त दिशा उलटी.

रस्त्यावरची भाषा मात्र या वादाची वाट बघत थांबलेली नाही. 'विषय हार्ड' हा आमचा आजचा चलनी वाक्प्रचार. हार्ड शब्द इंग्रजी, पण हे इंग्रजी नव्हे. लंडनच्या माणसाला 'सब्जेक्ट इज हार्ड' म्हटलं तर त्याला गणिताचा पेपर आठवेल. इथं बैल देखणा असला तरी विषय हार्ड, तांबड्या रश्शाला तर्री आली तरी विषय हार्ड. ज्या पोरांनी हा घडवला त्यांनी यादी घोकली नव्हती आणि इंग्रजीचा धसकाही घेतला नव्हता.

गेल्या महिन्यात वर्गात मुष्टियुद्धाचा गठ्ठा घेतला होता. 'थ्रो इन द टॉवेल'. रिंगणाच्या कोपऱ्यात उभा असलेला वस्ताद आपल्या माणसाचे हाल बघवेनासे झाले की टॉवेल आत फेकतो. आमची हार, थांबवा. पूर्वी टॉवेलऐवजी स्पंज फेकायचे. आपण त्याला 'हात टेकले' म्हणतो. एवढं बोलून मी फळ्याकडे वळलो, तर गारगोटीहून रोज एसटीनं येणारी एक मुलगी उठली. तिच्या चेहऱ्यावर शंका स्पष्ट दिसत होती.

'सर, आमच्या स्टँडवर गाडी लागली की खिडकीतनं टॉवेल टाकत्यात. ती सीट त्याची. मग त्यो हरला कसा?'

वर्ग खदाखदा हसला. मी खडू खाली ठेवला आणि तिला म्हटलं, ये, हे तू फळ्यावर लिही.